हत्यार आणि त्याची हकिकत

यवतमाळ जिल्ह्यात जुने रिव्हॉल्व्हर सापडते ते घरात. दारव्ह्याकडच्या एखाद्या देशमुखी वाड्यात, वणीच्या जुन्या कापूस व्यापाऱ्याच्या तिजोरीत, पुसद-उमरखेडच्या बाजूला बागायतदाराच्या लोखंडी कपाटात, नाहीतर निवृत्त फौजदाराच्या मुलाकडे. तीन-चार पिढ्यांमागे कोणीतरी परवाना काढला, मुंबईहून किंवा कलकत्त्याहून हत्यार मागवले आणि तेव्हापासून ते बापाकडून लेकाकडे येत राहिले. जुन्या रिव्हॉल्व्हरांची खरेदी आणि संग्रह या विषयावर इथे बसून लिहायचे तर आधी एक गोष्ट मान्य करावी लागते. आपल्याकडे असा संग्रह पैशाने थोडा आणि वारशाने फार होतो. हे पुस्तक त्या अंगाने लिहिले आहे आणि ही प्रस्तावनाही त्याच अंगाने वाचावी.

परदेशातला संग्राहक वेगळ्या जगात वावरतो. अमेरिकेच्या १९६८च्या कायद्याने १८९८ किंवा त्याआधी तयार झालेले हत्यार पुराणवस्तू ठरवले, त्यामुळे दीडशे वर्षांचे कोल्ट तिथे लिलावात बोली लावून घरी नेता येते. ब्रिटनने डनब्लेनच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर १९९७ मध्ये पिस्तूल-रिव्हॉल्व्हरांवर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली, पण ज्यांची काडतुसेच आता बनत नाहीत अशी खरी जुनी हत्यारे शोभेची वस्तू म्हणून ठेवायला मुभा राखली. आपल्याकडे १९८०च्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसाला परदेशी हत्यार आयात करणे जवळपास बंद झाले. सवलत उरली ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना. देशात आधी आलेली परदेशी रिव्हॉल्व्हर आहेत तेवढीच राहिली. त्यांत भर पडत नाही, घट मात्र रोज होते. म्हणूनच कानपूरच्या सरकारी कारखान्यातले नवे .३२चे रिव्हॉल्व्हर मिळत असतानाही, चालू स्थितीतल्या जुन्या वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसनला परवानाधारक कितीतरी जास्त पैसे मोजायला तयार होतो. पैसे मोजताना तो बहुतेक वेळा नुसते लोखंड बघतो आणि हत्याराची हकिकत तिथेच हरवते. मला या व्यवहारात सर्वांत जास्त खटकते ते हेच.

ही हत्यारे वऱ्हाडात आली कशी, हे थोडक्यात सांगतो. १८५३च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. १९०३ मध्ये तो मध्यप्रांताला जोडला गेला आणि १९०५ मध्ये पुसद तालुका येऊन मिळाल्यावर जुन्या वणी जिल्ह्याचे नाव यवतमाळ झाले. त्याच काळात किलिक निक्सन कंपनीच्या कारभाराखाली मूर्तिजापूरहून यवतमाळपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली, तीच आपली शकुंतला. जिनिंग उभे राहिले, गाठी बांधणारे प्रेस उभे राहिले आणि हंगामात गावोगाव रोकड फिरू लागली. जंगल खात्याचा साहेब, रेल्वेचा इंजिनियर, कापूस कंपनीचा माणूस यांच्या कमरेला रिव्हॉल्व्हर असे. पुढे ते इथल्या अडत्यांच्या आणि वतनदारांच्या घरांत शिरले. जिल्ह्याच्या दक्षिणेला पैनगंगा, आणि पलीकडे १९४८च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईपर्यंत निजामाचे राज्य. रझाकारांच्या त्या वर्षांत नदीकाठच्या घरांना हत्यार का हवेसे वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

मात्र हत्यार बाळगण्याचा हक्क सर्वांना सारखा नव्हता. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ मध्ये, देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवर बंधने घालणारा कायदा झाला आणि त्याच वर्षी हत्यारांचाही. त्यात युरोपियनांना सूट होती, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा होता. हा अपमान किती खोल गेला होता, ते याच जिल्ह्यातल्या एका घटनेशेजारी ठेवून पाहावे. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह केला. हातात होता तो विळा. आणि पुढच्याच वर्षी, अहिंसेची शपथ घेतलेल्या त्याच काँग्रेसने कराचीच्या अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा नियमांच्या चौकटीत शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क त्यात नमूद केला. त्या वेळी वऱ्हाडातल्या माणसाच्या खिशातले परवान्याचे पुस्तक ही नुसती सरकारी चोपडी नव्हती. सरकारने आपल्याला विश्वासास पात्र मानले, याचा तो लेखी पुरावा होता. जुन्या घरांत हत्यारापेक्षा ते पुस्तकच जास्त जपलेले दिसते, त्याचे कारण मला यात सापडते.

आता हत्याराकडे वळू. फिरत्या चक्रीत एकापाठोपाठ एक गोळी नळीसमोर आणायची, ही कल्पना सॅम्युएल कोल्टच्या आधीही होती. त्याने १८३५-३६ मध्ये तिचे पेटंट घेतले आणि ती कारखान्यात उतरवली. १८५१ मध्ये लंडनच्या महाप्रदर्शनात त्याची रिव्हॉल्व्हर मांडली गेली, आणि तिथेच रॉबर्ट अ‍ॅडम्सचेही होते. कोल्टचा घोडा प्रत्येक बाराला अंगठ्याने मागे ओढावा लागे. अ‍ॅडम्सचा चाप ओढला की घोडा आपोआप चढायचा आणि सुटायचा. १८५७च्या उठावात ईस्ट इंडिया कंपनीच्या अनेक अधिकाऱ्यांनी अ‍ॅडम्स पसंत केले, कारण समोरासमोरच्या झटापटीत अंगठ्याला सवड नसते. ही दोन्ही टोपीची हत्यारे होती. चक्रीच्या प्रत्येक खणात दारू आणि गोळी ठासायची, मागच्या बोंडावर तांब्याची टोपी बसवायची. धातूच्या तयार काडतुसाचे छोटे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्येच बाजारात आणले. आरपार भोकांच्या चक्रीचे पेटंट रोलिन व्हाइटचे होते आणि ते या कंपनीच्या हाती असल्यामुळे बाकीच्या अमेरिकी कारखान्यांना बारा वर्षे थांबावे लागले.

आपल्याकडच्या घरांत मात्र सर्वांत जास्त ऐकू येणारे नाव वेब्लीचे. बर्मिंगहॅमच्या या घराण्याने १८६८ मध्ये आयरिश पोलिसांसाठी आखूड, भक्कम रिव्हॉल्व्हर काढले आणि १८७२ मध्ये खिशात मावणारे ‘ब्रिटिश बुलडॉग’. १८८७ मध्ये ब्रिटिश सैन्याने त्यांचे .४५५चे मार्क वन स्वीकारले. सांधा मोडून नळी खाली झुकवायची की रिकामी टरफले एकदम बाहेर पडतात, अशी त्याची रचना. या .४५५च्या मालिकेतले शेवटचे लष्करी हत्यार, मार्क सिक्स, पहिल्या महायुद्धात १९१५ मध्ये आले.

अशा हत्याराचे वय ठरवायला नाव वाचता आले पाहिजे. सांगाड्यावर ‘पी. वेब्ली अँड सन’ असेल तर ते १८९७ पूर्वीचे, कारण त्या वर्षी स्कॉट घराण्याच्या उद्योगाशी जोड होऊन कंपनीचे नाव बदलले. नुसते ‘वेब्ली अँड स्कॉट लिमिटेड’ असेल तर १९०६ नंतरचे. मग नळीवरची परीक्षेची खूण पाहावी. बर्मिंगहॅमला १८१३च्या कायद्याने चाचणीघर उभे राहिले. तिथे जादा दारू भरून प्रत्येक नळी उडवून पाहत आणि टिकली तरच ठसा मारत. १९०४ पर्यंत त्या ठशात मुकुटाखाली एकमेकांवरून गेलेले दोन राजदंड दिसतात, त्यानंतर मुकुटाखाली रोमन अक्षरांच्या जोड्या. म्हणजे जुन्या नावाचा सांगाडा आणि १९०४ नंतरचा ठसा असलेली नळी एकत्र दिसली, तर बहुधा काहीतरी बदलले आहे. नळी नंतर बसवली असेल, किंवा दोन मोडक्या हत्यारांचे एक केले असेल. हे काम चांगल्या भिंगाने, उजेडात बसून आणि सवडीने करायचे असते.

बुलडॉगच्या बाबतीत तर आणखीच सावध राहावे लागते. त्याचा खप इतका झाला की बेल्जियममधल्या लिएज शहरात त्याच्या नकला पोत्याने निघाल्या. लंबगोलात ई, एल, जी ही अक्षरे दिसली की ते हत्यार लिएजचे. लंबगोलावर मुकुट असेल तर १८९३ नंतरचे. घरातले ‘इंग्रजी’ रिव्हॉल्व्हर प्रत्यक्षात बेल्जियन निघाले की वारसाचा चेहरा पडतो, पण तसे होण्याचे काही कारण नाही. लिएजचा माल स्वस्त होता आणि मध्यम ऐपतीच्या माणसाला तोच परवडत होता. आपल्या आजोबाची ऐपत काय होती, हेही त्या लंबगोलात लिहिलेले असते. स्पेनच्या एइबार गावात अशाच स्मिथ अँड वेसनच्या नकला होत. तिथल्या पोलादाचा दर्जा फार कमी-जास्त असल्यामुळे एइबारचे हत्यार कधीही उडवून पाहू नये.

नळीच्या पाठीवर कधी कारखान्याऐवजी विक्रेत्याचे नाव कोरलेले असते. कलकत्त्याचे मॅन्टन किंवा लायन अँड लायन, नाहीतर आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स, ज्यांचे मुंबईचे दुकान १८९१ मध्ये उघडले. हा मजकूर संग्राहकाला कारखान्याच्या नावाइतकाच मोलाचा वाटला पाहिजे. हत्यार समुद्र ओलांडून कोणत्या बंदरातून आत आले, ते तोच सांगतो.

घेताना, किंवा वारशाने हाती आल्यावर, काय पाहायचे ते पुस्तकात सविस्तर आहेच. पण एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तिथे सर्वांत जास्त नुकसान होते. जुन्या रिव्हॉल्व्हरला घासून चकचकीत करू नये. कारखान्यातला निळसर काळा लेप झिजून खाली करडी छटा आलेली असेल तर ती तशीच राहू द्यावी. दिवाळीच्या साफसफाईत पॉलिश पेपर मारलेले आणि नवे निकेल चढवलेले हत्यार अनोळखी माणसाला सुंदर दिसते. जाणकाराच्या लेखी त्याची निम्मी किंमत गेलेली असते, कारण घासताना अक्षरांच्या कडा जातात, ठसे पुसट होतात आणि अनुक्रमांकही बोथट होतो. दुसरे म्हणजे चामड्याचे म्यान. कमावलेल्या कातड्यातली रसायने आणि पावसाळ्यात त्याने ओढलेली ओल यांमुळे म्यानात ठेवलेले हत्यार आतल्या आत गंजते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आपल्याकडे असे नुकसान झपाट्याने होते. म्यान जरूर जपावे, पण वेगळे. हत्याराला पातळ तेलाचा हात फिरवून ते सुती कापडात, कुलपाखाली ठेवावे. जुनी काडतुसे सोबत ठेवू नयेत आणि ती कोणती, हे कळल्याशिवाय भरूही नयेत. .३२ या एकाच आकड्याखाली वेगवेगळ्या लांबीची आणि दाबाची काडतुसे येतात, आणि काळ्या दारूच्या काळातला सांगाडा नव्या दारूचा जोर सोसेलच असे नाही.

कायद्यावर या पुस्तकात एक मोठे प्रकरण आहे. ते आधी वाचा, अशी माझी विनंती आहे. आज लागू असलेला शस्त्र कायदा १९५९चा, तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आहे. नियम २०१६चे. रिव्हॉल्व्हरसाठी जिल्हाधिकाऱ्यांचा परवाना लागतो. पण .३८० किंवा .४५५ची लष्करी काडतुसे ज्यात बसतात आणि उडतात अशी रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतात आणि तिथे प्रश्न केंद्र सरकारच्या अखत्यारीत जातो. महायुद्धात गेलेल्या आजोबाचे मार्क सिक्स वेब्ली माळ्यावर सापडले, तर ‘जुने तर आहे’ असे म्हणून ते ठेवून घेता येत नाही. प्रतिबंधित हत्यार विनापरवाना बाळगल्याची शिक्षा सात वर्षांपासून सुरू होते.

जुनेपणामुळे आपोआप सूट मिळते, हा समज मी अनेक सुशिक्षित घरांत ऐकला आहे. कायद्याच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य किंवा पुराणमूल्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे हे खरे, पण अट अशी की ते दुरुस्त करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येऊ नये. गंजलेला चाप तेलाने सुटत असेल तर ही अट पुरी होत नाही. २०२० मध्ये नियमांत दुरुस्ती होऊन भारतीय नागरिकाला क्युरिओ वर्गातले लहान हत्यार परवान्याशिवाय बाळगण्याची मुभा मिळाली, मात्र ते वापरायला, सोबत न्यायला किंवा एका जागेहून दुसरीकडे हलवायला परवाना लागतोच. आपले हत्यार कोणत्या वर्गात बसते हे आपण ठरवायचे नसते. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यावे आणि ते जपून ठेवावे. शंभर वर्षांवरच्या वस्तूंना १९७२चा पुरावशेष कायदाही लागू होतो. खासगी माणसाला अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि तिचा व्यापार करायला वेगळा परवाना लागतो.

वारसांसाठी नियम उदार आहेत, पण ते कोणाला ठाऊक नसतात. परवानाधारक गेल्यावर कायदेशीर वारस परवाना मागू शकतो. इतकेच कशाला, धारकाचे वय सत्तर झाले किंवा हत्यार पंचवीस वर्षे त्याच्याकडे राहिले, की हयातीतच तो आपला वारस नेमू शकतो. म्हाताऱ्या माणसाचा हात परवान्यावर सही करण्याइतका स्थिर आहे तोवर हे काम उरकून घ्यावे. ते राहिले, की काय होते ते जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या एका आजींनी मला दोन वाक्यांत सांगितले: “हे गेले तवा पोरायनं ठाण्यात नेऊन देलं. मंग कोनी इचारलंच नाई.” पोरांचे काही चुकले नव्हते. बाळगण्याचा हक्क संपला की हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावेच लागते. पण ठराविक मुदतीत कोणी दावा केला नाही तर ते सरकारजमा होते, आणि सरकारजमा झालेले हत्यार पुन्हा घरी येत नाही.

शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने जुन्या हत्यारांची ही घट आणखी वाढली. पूर्वी एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत होती, आता दोनच, आणि वारसाहक्काने परवाना मागतानाही दोनचीच मर्यादा. शेतकरी घराचा विचार करा. रोही आणि रानडुकरांपासून पीक राखायला बाराबोरी लागते. शिकारीच्या दिवसांतली एखादी रायफल आहे. तिसरे आजोबांचे रिव्हॉल्व्हर. सोडायचे झाल्यावर रिव्हॉल्व्हर आधी सुटते, कारण त्याचा शेताला उपयोग नाही. घराची निवड बरोबरच आहे. हत्यारांची संख्या कमी व्हावी या सरकारच्या हेतूलाही माझा विरोध नाही. ज्या समाजात देशी कट्ट्याने माणसे मरतात तिथे तो हेतू योग्यच आहे. मला एवढेच म्हणायचे आहे की हत्यार द्यावे लागले, तरी त्याची हकिकत देऊन टाकू नये.

हकिकतीने काय साधते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पंजाबातले आहे. भगतसिंगांचे .३२चे कोल्ट पिस्तूल कित्येक दशके कुठे आहे ते कोणाला ठाऊक नव्हते. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्रशाळेच्या संग्रहालयात इतर पिस्तुलांमध्येच ठेवलेले होते, रंगाच्या थराखाली. सँडर्सच्या खुनाच्या खटल्याच्या कागदांत पिस्तुलाचा अनुक्रमांक नोंदलेला होता: १६८८९६. रंग खरवडला आणि तोच आकडा उघडा पडला. कागद नसता तर इतिहासातले एक मोठे हत्यार आजही नुसते एक जुने कोल्ट राहिले असते. आपल्या मराठी मुलखातही अशी हत्यारे हाती घेतली गेली आहेत. २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने हंगामी गव्हर्नर हॉटसनवर रिव्हॉल्व्हर झाडले. हॉटसन बचावला, गोगटे तुरुंगात गेले आणि पुढे पुण्याचे महापौर झाले. अशा प्रसंगांवर आपण पुस्तके लिहितो, पुतळे उभारतो, पण त्या हातांतल्या वस्तूंची नोंद क्वचितच ठेवतो.

म्हणून या पुस्तकाचा भर नोंदीवर आहे. यवतमाळच्या वाचकाला प्रत्यक्ष पाहून शिकायचे असेल तर सर्वांत जवळची जागा नागपूरची. १८६३ मध्ये सुरू झालेल्या मध्यवर्ती संग्रहालयात, आपल्या अजब बंगल्यात, शस्त्रांचे दालन आहे. आणखी पुढे जायचे तर कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातला संग्रह आणि पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथे काचेआडच्या वस्तू पाहून डोळा तयार होतो, आणि मग घरातल्या वस्तूकडे पाहायची दृष्टी बदलते.

पुस्तकात काय नाही, तेही सांगायला हवे. भाव नाहीत, कारण छापील भाव बघून लोक वारसा विकायला काढतात. ज्यांनी मला घरातली हत्यारे दाखवली त्यांची नावे आणि गावे नाहीत, कारण कपाटात काय आहे हे चोराला कळता कामा नये. कुठल्याही हत्याराची दुरुस्ती घरी कशी करायची, तेही नाही. ते काम परवानाधारक कारागिराचेच आहे.

अखेरच्या प्रकरणात एक कोरा तक्ता दिला आहे. हत्यार ठाण्यात जमा करायचे असो, विकायचे असो की मुलाच्या नावावर करायचे असो, त्याआधी तो भरावा: कारखान्याचे नाव जसे कोरले आहे तसे, विक्रेत्याचे नाव, अनुक्रमांक, सगळे ठसे, नळीची लांबी, चक्रीतल्या खणांची संख्या, मुठीचा पदार्थ, परवाना पहिल्यांदा कोणी, कोणत्या साली, कोणत्या कारणासाठी काढला ते, आणि घरात त्याविषयी जे सांगितले जाते ते सांगणाऱ्याच्याच शब्दांत. हत्यार रिकामे असल्याची खात्री परवानाधारकाने स्वतः करावी आणि मगच दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढावीत. परवान्याच्या जुन्या पुस्तकाची पाने, शिक्क्यांसकट, स्कॅन करून ठेवावीत. तक्त्याच्या दोन प्रती कराव्यात, एक परवान्यासोबत आणि एक पुढच्या वारसाच्या हाती.